पाटीलकी : एका शब्दाचा नैतिक अर्थ

दुसऱ्याच्या व्यवहारात न बोलावता शिरणाऱ्या माणसाला नावे ठेवण्यासाठी मराठीत शब्दांची कधीच वाण पडलेली नाही. भोचकपणा, चोंबडेपणा, आगाऊपणा, लुडबुड, उठाठेव, ढवळाढवळ, पाटीलकी ही यादी सहज वाढवता येईल. वरवर पाहता ही सारी एकाच दोषाची नावे वाटतात. परंतु बोलणारा त्यांतला एक शब्द उचलतो आणि दुसरा बाजूला ठेवतो, तेव्हा तो नकळत एक निवाडा करीत असतो. भोचक माणसाला दुसऱ्याचे जाणून घ्यायचे असते. शेजाऱ्याचा पगार किती, मुलाचे लग्न का जमत नाही, पाहुणे किती दिवस राहणार, एवढे कळले की त्याचे समाधान होते. लुडबुड करणाऱ्याचे नुसते जाणून भागत नाही, त्याला हात घालायचा असतो; मोठी माणसे कामात असताना मध्ये मध्ये करणाऱ्या मुलालाही हाच शब्द लावतात, म्हणून त्यात थोडा लाड उरलेला आहे. उठाठेवीत व्यर्थ श्रमांबद्दलची कीव आहे, तर ढवळाढवळीत तळाशी बसलेला गाळ वर आणल्याची तक्रार आहे. पाटीलकी या सर्वांहून वेगळी. ती करणाऱ्याला दुसऱ्याचे जाणायचे असते आणि त्यात हातही घालायचा असतो, परंतु तेवढ्यावर तो थांबत नाही. दुसऱ्याचे काय व्हावे हे त्याला ठरवायचे असते. म्हणूनच पाटीलकी ‘गाजवली’ जाते. सत्ता आणि हुकमत यांच्याशी जोडले जाणारे हे क्रियापद लुडबुडीच्या किंवा भोचकपणाच्या वाट्याला कधी आलेले नाही.

जाणणे, हात घालणे आणि ठरवणे अशा या तीन पायऱ्या आहेत. नीतिविचारात त्या बहुधा एकत्र केल्या जातात आणि ‘परक्याच्या व्यवहारात पडू नये’ असा एकच उपदेश तिन्हींवर लागू केला जातो. हा उपदेश शहाणपणाचा खराच. पण ज्या समाजात दुबळ्या माणसावर त्याच्याच घरात आणि त्याच्याच जातीत अन्याय होऊ शकतो, तेथे तो पुरेसा आहे काय, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी पाटीलकी या शब्दाचाच इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल.

पाटील हा मराठी मुलखातील गावगाड्याचा प्रमुख वतनदार होता. सारावसुलीबद्दल तो सरकारला जबाबदार असे, गावातील तंट्यांत त्याचा शब्द चाले आणि सणासमारंभात पहिला मान त्याचा असे. ही पाटीलकी वंशपरंपरेने चाले, तिच्या वाटण्या होत, प्रसंगी तिचा विक्रयही होई. तिची प्रतिष्ठा एवढी होती की दिल्लीच्या राजकारणात सर्वश्रेष्ठ ठरलेले महादजी शिंदे ‘पाटीलबावा’ म्हणूनच ओळखले गेले. स्वातंत्र्यानंतर १९६२ च्या महाराष्ट्र महसूल पाटील (पद रद्द करणे) अधिनियमाने महसूल पाटलाचे वंशपरंपरागत पद संपुष्टात आणले. आजचा पोलीस पाटील हा शासनाने नेमलेला असतो. जुन्या वतनाशी त्याचे नाते नावापुरतेच आहे. तरीही ज्या पिढ्यांनी वतनदार पाटील पाहिलेला नाही त्यांच्याही तोंडी ‘फुकटची पाटीलकी’ हा वाक्प्रयोग आहे, आणि तो कोणाच्या सन्मानासाठी वापरला जात नाही.

‘तुला पाटीलकी कोणी दिली?’ या खोचक प्रश्नात दोन आरोप आहेत. पहिला उघड आहे : जे पद तुझे नाही ते तू वापरतो आहेस. या अर्थाने पाहिले तर दोष कृतीत नसून अधिकाराच्या अभावात आहे; तीच कृती खऱ्या पाटलाने केली असती तर ते त्याचे कामच ठरले असते. दुसरा आरोप मात्र झाकलेला आहे. अनाहूत हुकमतीला नाव देताना लोकांना पाटीलच आठवला, यातच खऱ्या पाटलाविषयीची गावकऱ्यांची एक जुनी नोंद आहे. सनदेत पाटीलकी हा हक्क होता. ज्यांच्यावर तो हक्क चालला त्यांच्या बोलण्यात तो अंगावर आलेल्या अनुभवाचे नाव झाला.

हा प्रवास एकट्या मराठीचा नाही. गावच्या चौधरीवरून हिंदीत ‘चौधराहट’ हा शब्द निघाला आणि त्यालाही मिरवलेल्या वर्चस्वाचा अर्थ चिकटला. गुजरातीत ‘पंचात’ म्हणजे परक्याच्या भानगडी चघळणे, आणि ते करणारा ‘पंचातियो’. मराठीतही ‘लोकांच्या नसत्या पंचायती’ करू नयेत असे वडीलधारे बजावतात. पंचायत म्हणजे पाचांनी मिळून केलेला न्याय. चार्ल्स मेटकाफने १८३० मध्ये हिंदुस्थानातील खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले, आणि हे चित्र पुढे राष्ट्रीय विचारातही गौरवाने स्वीकारले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्या गौरवाचा कठोर प्रतिवाद केला; खेडे हे त्यांना संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे घर वाटत होते. या वादात लोकभाषांची साक्ष कोणी काढली नाही. काढली असती तर पाटीलकी, चौधराहट आणि पंचात हे तीन शब्द आंबेडकरांच्या बाजूने उभे राहिले असते. ग्रामसंस्थेची प्रशंसा बहुधा तिच्याकडे दुरून पाहणाऱ्यांनी केली, आणि हे शब्द तिच्या निवाड्याखाली राहिलेल्यांनी घडवले.

तथापि लोकभाषेची साक्ष नेहमीच दुबळ्यांच्या बाजूने असते असे मानणे भाबडेपणाचे होईल. न विचारता दुसऱ्याच्या कामात पडण्याला संस्कृताच्या वळणाने ‘अव्यापारेषु व्यापार’ म्हणतात, आणि त्यामागे पंचतंत्रातील एक प्रसिद्ध कथा आहे. सुतारांनी अर्धवट चिरलेल्या ओंडक्यावर एक वानर बसतो, फटीतली पाचर उपटतो आणि त्याच फटीत सापडून मरतो. कथेचे तात्पर्य सर्वांना ठाऊक असते. ती कोण कोणाला सांगतो याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. ‘मित्रभेद’ या पहिल्या तंत्रात करटक नावाचा कोल्हा ती दमनकाला सांगतो. दोघेही मंत्रिपुत्र, परंतु पदावरून दूर झालेले. सिंहाच्या भयाचे कारण शोधून त्याच्या जवळ जाण्याचा दमनकाचा बेत असतो आणि करटक त्याला वानराचे उदाहरण देऊन थांबवू पाहतो. दमनक ऐकत नाही. तो सिंहाची आणि संजीवक बैलाची मैत्री जुळवतो, मग आपलेच महत्त्व घटले असे पाहून ती मोडतो. बैल मरतो आणि दमनक मंत्री होतो.

म्हणजे करटकाने चुकीच्या माणसाला चुकीची गोष्ट सांगितली. वानराने स्वतःचेच वाटोळे केले. दमनकाने दुसऱ्याचे केले आणि स्वतःचे भले साधले. वानराची लुडबुड होती, दमनकाची पाटीलकी होती. पहिल्याला सावध करायला ‘अंगाशी येईल’ ही भीती पुरते. दुसऱ्याला ती लागू पडत नाही, कारण त्याच्या अंगाशी काहीच येत नाही. ‘मध्ये पडू नये, पस्तावशील’ ही बहुतेक सर्व व्यावहारिक नीती वानरासाठी रचलेली आहे. दमनकाला तिचा काहीच धाक नाही, आणि जो माणूस पस्तावा पत्करूनही मध्ये पडतो त्याच्याविषयी तिच्यापाशी बोलण्यासारखे काही नाही.

हा पेच भारतीय परंपरेपुरता नाही. प्राचीन ग्रीकमध्ये ‘पॉलिप्राग्मोसिनी’ असा शब्द होता. अनेक कामांत, विशेषतः आपली नसलेल्या कामांत, पडण्याची वृत्ती असा त्याचा अर्थ. प्लूटार्कने या वृत्तीवर एक स्वतंत्र निबंध लिहिला आणि परक्याची उणी शोधण्याच्या हावेवर त्यात टीका केली. त्याच्या कितीतरी आधी प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये न्यायाची व्याख्या करताना हाच शब्द घेतला होता. प्रत्येकाने आपले काम करावे आणि परक्याच्या कामात पडू नये, हा त्याच्या मते न्याय; राज्यातील तीन वर्गांनी एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करणे हा सर्वांत मोठा अपाय. स्वधर्म आणि अधिकारभेद या आपल्याकडील कल्पनांशी हा विचार ताडून पाहण्याजोगा आहे. परंतु त्याच प्लेटोच्या ‘अपॉलॉजी’मध्ये न्यायासनापुढे उभा असलेला सॉक्रेटिस स्वतःबद्दल तेच क्रियापद वापरतो : आपण खासगीत लोकांना सल्ले देत, त्यांच्या व्यवहारात पडत हिंडलो, असे तो मान्य करतो. एका ग्रंथात जी अन्यायाची खूण ठरते तीच दुसऱ्या ग्रंथात तत्त्वज्ञाची दिनचर्या आहे. या दोहोंचा मेळ घालण्याचे काम प्लेटोने वाचकावर सोपवले, असेच म्हणावे लागते.

मेळ घालण्यातील अडचण उघड आहे. ‘आपले काम’ कोणते हे आधीच ठरवून दिलेल्या व्यवस्थेत त्या व्यवस्थेविषयी प्रश्न विचारणे हे कोणाचेच काम नसते. प्रश्न विचारणारा प्रत्येक जण तेथे आपोआप उपटसुंभ ठरतो. १८४८ मध्ये पुण्यात जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या, तेव्हा त्यांना झालेल्या विरोधात शिक्षणाच्या भयाइतकाच हा अधिकाराचा प्रश्न होता. शिकवणे हे त्यांचे काम नव्हे, असे विरोधकांचे म्हणणे होते.

याच शतकाच्या उत्तरार्धातील रखमाबाईंचा खटला या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई माहेरीच राहिल्या, शिकल्या आणि वयात आल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. नवरा दादाजी भिकाजी याने १८८४ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात दाम्पत्यहक्कांच्या पुनःस्थापनेसाठी दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी, नवऱ्याकडे जावे अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगावा, असा हुकूम केला. रखमाबाईंनी कारावासाची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, आणि पुढे त्या इंग्लंडमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या.

या सबंध काळात ‘आमच्या धर्मात आणि घरात परक्यांची ढवळाढवळ’ ही तक्रार अखंड ऐकू येत होती. बालविवाहावर १८८४ मध्ये टिपणे प्रसिद्ध करणारे बेहरामजी मलबारी हे पारशी; हिंदूंच्या चालीरीतींशी त्यांचा संबंध काय, असे विचारले गेले. रखमाबाईंमागे आजोळची फूस आहे असा आरोप झाला. परंतु पिन्ही यांनी आपल्या निकालात एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली होती. दाम्पत्यहक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा हा मुळात हिंदू धर्मशास्त्रातला नव्हे. तो इंग्लंडमधील धर्मपीठीय कायद्यातून येथे आलेला होता. परक्यांनी मध्ये पडू नये असे म्हणणारे लोक एका स्त्रीला घरी आणण्यासाठी परक्यांचेच न्यायालय आणि परक्यांचाच कायदा वापरीत होते. त्यांना राग परक्यांच्या मध्ये पडण्याचा नव्हता. परके स्त्रीच्या बाजूने मध्ये पडले, एवढीच त्यांची खरी तक्रार होती.

असे असले तरी विरोधकांचे सर्व युक्तिवाद लबाडीचे होते असे म्हणता येत नाही. संमतिवयाच्या विधेयकाने १८९१ मध्ये संमतीचे वय दहावरून बारावर नेले, तेव्हा आगरकरांनी कायद्याचा पुरस्कार केला आणि टिळकांनी विरोध. परकीय सरकारला समाजाच्या अंतर्गत व्यवहारात कायदा करू दिला तर त्याची मर्यादा पुढे कोण आखणार, हा टिळकांच्या भूमिकेतील प्रश्न पोकळ नव्हता. सत्ताधीशाच्या उपकारातही पाटीलकी असू शकते, हे वसाहतीच्या इतिहासाने वारंवार दाखवले आहे. मात्र आदल्याच वर्षी, १८९० मध्ये, कलकत्त्यात फुलमणी नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचा खटला चालला होता. तिचा मृत्यू पतीच्या शरीरसंबंधामुळे ओढवला होता. समाज आतून सुधारेपर्यंत थांबण्याची किंमत कोण देत होते, हे त्या खटल्याने उघड केले. टिळकांचा प्रश्न योग्य होता. तो ज्या मुलीच्या वतीने विचारला जायला हवा होता ती त्यात कोठेच नव्हती.

स्वतंत्र भारतात हा प्रश्न संपलेला नाही, त्याची पात्रे तेवढी बदलली. जातपंचायत एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकते, आंतरजातीय लग्नासाठी दंड वसूल करते, मर्तिकालाही कोणी जाऊ नये असे फर्मान काढते. आणि तिला कोणी हटकले तर ‘हा आमच्या जातीचा अंतर्गत मामला आहे’ असे उत्तर येते. वाळीत टाकण्याच्या विरोधात मुंबई राज्याने १९४९ मध्ये केलेला बहिष्कार प्रतिबंधक कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरवला, कारण आपल्या धार्मिक बाबींची व्यवस्था पाहण्याचा संप्रदायाचा हक्क त्यामुळे बाधित होतो असे बहुमताला वाटले. महाराष्ट्राने पुन्हा २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा अधिनियम केला आणि तो २०१७ पासून अमलात आला. जातीच्या ‘आपल्या बाबी’ आणि त्या जातीतील एकट्या माणसाच्या ‘आपल्या बाबी’ यांचा येथे सरळ सामना आहे. जो पक्ष ‘मध्ये पडू नका’ म्हणतो तो स्वतः एका कुटुंबाच्या सोयरिकीपासून स्मशानापर्यंत मध्ये पडलेला आहे.

या उदाहरणांवरून एक कसोटी सुचते. हस्तक्षेप झाला की नाही, हे विचारून भागत नाही; हस्तक्षेपानंतर निर्णय कोणाच्या हाती राहिला, हे विचारावे लागते. रखमाबाईंना ज्यांनी साहाय्य केले त्यांच्या मध्यस्थीनंतर रखमाबाईंचे आयुष्य रखमाबाईंच्या हाती आले. जातपंचायतीच्या मध्यस्थीनंतर कुटुंबाचे आयुष्य पंचांच्या हाती जाते. दमनकाने मध्यस्थी केली तेव्हा सिंह आणि बैल दोघेही त्याच्यावाचून एकमेकांना ओळखू शकत नव्हते. पाटीलकीचे मर्म येथे आहे. ती दुसऱ्याचा प्रश्न सोडवते तेव्हाही तो प्रश्न त्याचा राहू देत नाही. याउलट खऱ्या साहाय्याला बाहेर पडण्याचा रस्ता ठाऊक असतो.

ही कसोटी सर्वत्र सुकर नाही. दहा वर्षांच्या मुलीला निर्णयाची मोकळीक द्यावी असे म्हणण्यात अर्थ नसतो. तेथे मध्ये पडणाऱ्याचे कर्तव्य एवढेच की मोठेपणी तिला निर्णय करता यावा म्हणून तिला जगू द्यावे, वाढू द्यावे. याहून अवघड प्रसंग पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाचा आहे. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि पुढे पुण्यास आलेले हे सदन विधवांना शिकवून पायांवर उभे करीत होते. तेथील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो या कारणावरून १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. मुली प्रार्थनेला येण्या-न येण्यास मोकळ्या आहेत, असे रमाबाईंचे म्हणणे होते; आश्रयाने बांधलेली मुलगी मोकळी नसते, असे टीकाकारांचे. दोन्ही बाजू मुलींच्या स्वातंत्र्याच्याच नावाने बोलत होत्या. अशा वादात कसोटी निकाल देत नाही. आधी त्या मुलींना विचारा, एवढेच ती सांगते, आणि नेमके तेच दोन्हीकडच्या थोरांना सुचणे कठीण होते. पाटीलकी केवळ दुष्टांना जडते असे नाही. सुधारकाच्या, आईबापांच्या, गुरूच्या प्रेमातही ती मुक्कामाला येऊ शकते.

तेव्हा पाटीलकी हा शब्द टाकून द्यावा असा याचा अर्थ नव्हे. सत्तेचा माज ओळखण्याची जी दृष्टी या शब्दात साठलेली आहे ती मोलाची आहे. मात्र तो कोणी, कोणाला उद्देशून उच्चारला हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ पुरा होत नाही. सासुरवास सोसणारी सून सासरच्या चुलत्याला ‘तुमची पाटीलकी नको’ म्हणते, तेव्हा तो शब्द आपल्या मूळ कामावर असतो. मारहाणीचा आवाज ऐकून दार वाजवणाऱ्या शेजारणीला घरधनी तोच शब्द सुनावतो, तेव्हा गावकऱ्यांनी पाटलाविरुद्ध घडवलेले हत्यार पाटलाच्याच हाती गेलेले असते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणाऱ्या २००५ च्या अधिनियमाने अशी माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कळवण्याची मुभा कोणत्याही व्यक्तीला दिली आहे, आणि सद्भावनेने ती देणाऱ्यावर कोणतेही दायित्व येणार नाही असे आश्वासनही दिले आहे. कायद्याने शेजारणीला अधिकार दिला. परंतु ‘भोचक’ म्हणून घेण्याच्या भयातून तिला सोडवणे कायद्याच्या शक्तीबाहेरचे आहे. ते काम भाषा वापरणाऱ्यांचे आहे. दार वाजवून आत गेलेल्या आणि आतल्या बाईला ‘तुला काय हवे आहे?’ असे विचारून तिच्या उत्तरासाठी थांबलेल्या शेजारणीला मराठीत अजून नेमका शब्द नाही. तो घडेपर्यंत निदान पाटीलकी हा शब्द तिला लावला जाऊ नये.